दहा जणांची कुपी

रविवारी शटर उघडत नाही मी.
अँटॉप हिलच्या समाजमंदिरात
निळ्या पेटीशेजारी बसतो.
सुई सिस्टर ढवळ्यांची, थंडावा माझा:
आइसपॅक कानाशी हलवायचा,
आत पाणी खुळखुळलं की मगच पेटीत.
कुपीवरचा चौकोन अजून फिका आहे ना,
बघायचं. वहीत नाव, गल्ली, तारीख.

तेवीस वर्षं माणसं पाहिली
काउंटरपलीकडून, कमरेच्या वर.
कडेवरची मुलं केवढी जड असतात
ते इथे कळलं.

साडेबाराला आवरत आलो होतो.
तेवढ्यात नसरीन, धापा टाकत,
जरीच्या कारखान्यातून तासाची सुट्टी मागून,
ओढणीवर टिकल्यांचा चुरा,
कडेवर नऊ महिन्यांचा यासिर.
एकटाच. आणि गोवराची कुपी दहा जणांची,
फोडली की चार तासांत संपली.

खरं सांगतो, हिशेब केला मी.
स्ट्रिप कात्रीने कापून दोन गोळ्या देणारा माणूस,
उरलेल्या आठ डब्यात जपणारा.
‘बुधवारी या’ अगदी ओठांवर होतं.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंही नाही.
टोपण उडवलं.
"लिहा खोपकर. यासिर."

तो असा रडला की बाहेरचं कुत्रं उठून गेलं.
"अर्धा तास बसा," मी म्हणालो.
भिंतीला टेकून
ती बसली, आणि झोपलीच.

नंतर ‘वाया’च्या रकान्यात
नऊ लिहायचे होते.
जन्मभर डॉक्टरांची अक्षरं लावत आलो;
तो आकडा मात्र
माझा मलाच लागेना.