चार हात

आजाराचं नाव ऐकलं अन् गाव कवडूच्या दारात.
'तुहे डुकरं हाकल बे. त्याईच्यानंच आलं हे.'
कवडू बादली धरून उभा.
डुकरं नाल्याकाठी, बेशरमाच्या सावलीत,
एकालाही साधी शिंक नव्हती.

मी आशा. पिशवीत थर्मामीटर, गोळ्या
आणि चित्रांचा तक्ता.
त्यावरही नेमकं डुकराचंच चित्र.
बापहो, म्हटलं, डुक्कर आता नावापुरतं.
हा माणसाकडून माणसाकडे चालतो,
खोकल्याच्या थेंबातून, दाराच्या कडीवरून,
लग्नात पंगतभर फिरणाऱ्या एकाच गिलासातून.
शिंक आली तर कोपरात शिंका.
गंज घासता, तेवढा वेळ हातही घासा.
ताप असेल तर घरी राहा, हरभरा थांबेल.
धाप लागली तर अंगाऱ्यापाशी अडू नका,
आणि पोटुशी बाई असेल
तर पहिल्याच दिवशी मला हाक मारा.

सरपंच म्हणाले, 'ते ठीक. पण डुकरं?'

रात्री रजिस्टर उघडलं.
धोट्यांचा आजा. उईक्यांची लहानी.
पल्लवी, सातवा महिना.
ज्या ओळीनं ताप गेला
त्याच ओळीनं मी गेले होते,
तालुक्याच्या ट्रेनिंगवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी.
घसा खवखवत होता.
म्हटलं, तुरीच्या कुटाराची धूळ असेल.

त्या ओळीत कवडूचं घर नव्हतं.
तिकडे मी शेवटी जाते.
कधी जातही नाही.

सकाळी मलाच एकशे दोन.
नवऱ्याला वावरातल्या खोपडीत धाडलं,
दार लोटलं. गोळ्या पाच दिवस, दोन वेळा.
पल्लवी तोवर वर्ध्याला, नाकाला नळी.

तिसऱ्या दिवशी ओट्यावर भांडं वाजलं.
पर्बता. कवडूची.
भाकर, झुणका, वर झाकलेलं पळसाचं पान.
ठेवून मागे सरली, तोंडाला पदर.
खिडकीतून म्हटलं, बराबर अंतर ठेवलं व तू,
कोणी शिकवलं?

ती हसली.
'आमाले कोन शिकवन, ताई.
या गावात आमी जल्मापासून
चार हातावरच आहो.'

पल्लवी परत आली, उठून बसते आता.
मीही बरी. भांडं नेऊन द्यायचं होतं.
साबणानं घासलं, वीस आकडे मोजत.
मग पुन्हा घासायला घेतलं,
आणि हात थांबला.
हे धुणं कोणतं,
तिला कसं सांगू?