एकदा सांगितलं होतं की

कागदगिरणी बंद पडली, तिच्या पोटात
आता सर्व्हर घुमतात.
बाहेर उणे सत्तावीस,
नदीवर भरलेला ट्रक पेलेल इतका बर्फ,
आणि आत पंखे, रात्रभर उष्णता उपसणारे.

पहिला प्रोग्रॅम बोलघेवडा होता.
डिस्क भरली. डिस्क भरली. डिस्क भरली.
दर मिनिटाला, जणू ऐकणारा ठार बहिरा.
एका रात्रीत चारशे बारा निरोप.
साइमीनं फोन उशीखाली दाबला,
मग लोकरी मोज्यात कोंबला,
शेवटी फ्रीजमध्ये, लिंगनबेरीच्या बरणीशेजारी.
चारशे तेरावा निरोप वेगळा होता :
पंप बंद.
तोही तिथंच गारठला.

वसंतात तिनं त्याला वळण लावलं.
फार नाही, अकरा ओळी.
मागच्या खेपेला काय पाहिलंस, लक्षात ठेव.
आताही तेच दिसत असेल तर गप्प.
बरं होतं ते बिघडलं, बोल.
बिघडलेलं सुधारलं, तेही बोल.
आणि उंबरठ्यावर आत-बाहेर करत राहील त्याला
पाच मिनिटं तसाच नाचू दे,
कुठल्या बाजूला टेकतो ते बघ,
मग तोंड उघड.

शहाण्याला शब्दाचा मार.
त्या उन्हाळ्यात साइमी
कितीतरी वर्षांनी सलग सहा तास झोपली.

खालच्या मजल्यावर तावेत्ती राहतो,
याच गिरणीत एकतीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर होता.
नोव्हेंबरात जिन्यावर म्हणाला,
डावा हात जरा जड वाटतोय.
त्यानंतर रोज फक्त हवामान.
पुन्हा काही बोलला नाही,
म्हणजे बरं असेल,
असं तिनं धरलं.

डिसेंबरात त्याच्या दारापुढचा बर्फ
दोन दिवस कुणी खरवडला नाही.

इस्पितळात तो उशीला टेकून बसला होता,
तोंड किंचित वाकडं, हजामत अर्धीच.
तू काही बोलला का नाहीस, तिनं विचारलं.
एकदा सांगितलं होतं की,
तो म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे,
वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

घरी येऊन तिनं कोट न काढताच
बारावी ओळ लिहिली :
सुधारल्याचा निरोप नाही
आणि ‘मी बघते’ असंही कुणी म्हटलेलं नाही,
तर चार तासांनी
पुन्हा एकदा सांग.

चार.
खोडलं.
दोन लिहिलं.
मग बराच वेळ त्या दोनाकडे बघत बसली,
बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळेपर्यंत.