किरकोळ

कोड येतो पंचवीस अक्षरांचा,
खाली रेहानचा निरोप: दबाव नाही हं, मनापासून लिही.
गुरुवारी साडेसहापर्यंत तोंडाला कुलूप,
तेवढी एकच अट.

बारा दिवस तो खेळ
अख्ख्या चारकोपात फक्त माझ्याकडे.
रात्री तीनला दिवा न लावता
मी कुणाच्या तरी राज्यात घोडा पळवते.
सातव्या तासाला घोडा भिंतीत अडकतो.
पाय हलत राहतात, भिंत हलत नाही.
मी लिहिलं: किरकोळ तांत्रिक अडचणी.
दहापैकी आठ.

बाबा वजनमापं खात्यात होते.
मशीद बंदरला तराजू तपासायला गेले
की चहाचे पैसे स्वतः द्यायचे.
शेठ म्हणायचा, साहेब, लाजवता.
बाबा सुट्टे मोजून गल्ल्यावर ठेवायचे.
किलोमागे वीस ग्रॅम
त्यांच्या लेखी किरकोळ नव्हते.

मग मीही एकदा खेळ विकत घेतला,
रोख चार हजार. म्हटलं, आता कुणाची मिंधी नाही.
खेळ रद्दी निघाला.
आणि मी त्यात गुण शोधत बसले,
पाण्यावरचे कंदील, म्हाताऱ्या नावाड्याचा आवाज,
कारण चार हजार बुडाले
हे मला कबूल करायचं नव्हतं.

बाबांना सांगितलं.
म्हणाले, काटा आधी रिकामा तपासायचा.
पण रिकामी
मी कधी असते?

चारचा आकडा दिला तरी रेहान चिडणार नाही.
पुढचा कोड उशिरा येईल,
त्यापुढचा येणार नाही.
यादीतून नाव गळताना आवाज होत नाही.

खालच्या मेडिकलमधला लौकिक
जिन्यात भेटला. तीन हप्त्यांत घेतलाय त्याने,
माझे आठ वाचून.
ताई, तुमचापण घोडा अडकला होता?
हो.
मग?
रागावला नव्हता. खरंच विचारत होता.
हातात कुणाच्या तरी बीपीच्या गोळ्या,
जिन्यात तसाच उभा.

आज नवा कोड आलाय.
लौकिक दहाला दुकान बंद करतो.
म्हटलं, वर ये, पहिले सात तास तू खेळ,
मी वही घेऊन बाजूला बसते,
तू कुठे शिव्या देतोस ते लिहून घेते.

अटीत बसत नाही हे.
रेहानला सांगणार नाहीये.