किरकोळ सामान

उद्यमबागेत, तिसऱ्या क्रॉसला, आमचं गोडाऊन.
दारातल्या वजनकाट्यावर एक मांजर झोपतं,
त्याचे साडेतीन किलो वजा करून मी पावती फाडते.

बावीस वर्षं बिल्ट्या लिहितेय.
"आत काय?" एवढ्या दोन शब्दांवर घर चाललंय.
लोक सांगतात कपडे, भांडी, मशीनचे पार्ट.
नाहीतर सांगतात, किरकोळ सामान.
केवढा ऐसपैस शब्द,
त्यात काहीही मावतं.

शुक्रवारी दिवेलागणीला एक पोरगा आला, मोपेडवर
बिस्किटांची चार खोकी, सुतळीनं आवळलेली.
कुठं? इचलकरंजी.
आत काय?
"एन इल्ल्री अक्का. किरकोळ."
गाडी सुटायला वीस मिनिटं.
दस्तगीर हॉर्नवर हात ठेवून,
"काय बघूलालाय वैनी, घ्या की आत!"

मी पोराची बोटं बघूलालते.
उजवी तीन पिवळी, नखांच्या मुळापर्यंत.
सौंदत्तीला जाऊन आलास का रे?
पौर्णिमेनंतर आठवडाभर आमच्याकडं
निम्मा गाव पिवळा असतो,
भंडारा कानामागं, घड्याळाच्या पट्ट्यात, गल्ल्यातल्या नोटांवर.
तो हसला, मान हलवली,
होय की नाही, कळेना.

म्हटलं, नळाखाली धर हात.
धरला.
पाणी स्वच्छ वाहून गेलं.

भंडारा उतरतो.
हा रंग देवीचा नव्हता,
कातडं निघेल तेव्हाच निघणारा.
असली बोटं पूर्वी एकदाच पाहिली होती,
प्लेटिंगच्या शेडमधल्या हुंदरे मास्तरांची.
ते चहाची बशी धरायचे
आणि मी नुसती बशीकडं बघत बसायची.

सुतळी कापली.
निळे कॅन, पाच-पाच लिटरचे,
झाकणावर कॅरीबॅग, तिला रबर,
आणि चहूबाजूंनी ठासून लाकडाचा भुसा.

भुसा!

एक झाकण पाझरायचा अवकाश,
भुसा मनातल्या मनात तापत गेला असता,
आधी तांबडा धूर, मग जाळ,
बहुतेक तवंदीच्या घाटात.
शेजारी शहापूरच्या साड्या, कुंद्याचे डबे,
निपाणीला उतरवायचे बारदान,
आणि पुढं दस्तगीर, कोपर खिडकीबाहेर, गाणं मोठं करून.

नायट्रिक. यूएन वीस एकतीस.
पोराला मोडक्या कन्नडात सांगितलं,
हे जात नाही असं नाही रे,
हे आपल्या नावानं जातं.
पक्क्या झाकणाचा पिंप, उभा, बाण वर.
भोवती भुसा नाही, जे पेटत नाही ते.
मालकाची सही. केबिनमध्ये कार्ड,
ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत,
आणि ड्रायव्हरसुद्धा दस्तगीर नव्हे,
ज्यानं ट्रेनिंग घेतलंय तो.

ड्रॉवरमधून लेबल काढलं.
टोकावर उभा चौकोन, खाली काळा,
वर दोन नळ्या, त्यांतून थेंब,
थेंबाखाली हात, झिजत चाललेला.
आमच्या गावात पाट्यांवरून काय काय झालंय,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली, डांबर कुणी फासलं.
मामाच्या दुकानाची पाटी तीनदा रंगवली.
हे चित्र पुसायला मात्र अजून कुणी आलेलं नाही.

पोरानं ते बघितलं. मग स्वतःचा हात.
मग परत चित्र.
"नन्न कै," म्हणाला.

गाडी खोक्यांशिवाय गेली.
कॅन मागच्या अंगणात वाळूवर, एकेक लांब ठेवून,
मालकाला फोन केला.
"वैनी, एवढ्या किरकोळ गोष्टीला..."
मी ठेवून दिला.

रजिस्टरात लिहिलं: माल नाकारला.
आणणाऱ्याचं नाव?
अडिवेप्पा.
हजेरीत काय लावतात तुझं?
नाव नाही लावत म्हणाला.
महिन्याच्या शेवटी एकच ओळ असते,
सगळ्यांची मिळून:
किरकोळ मजुरी.