साडेसदतीस फेरे

बाबा गेले, आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर मला लावलं.
जल खातं. चावीवाली.
मस्टरवर अजून ‘चावीवाला’च छापलेलं असतं;
शेवटचा काना खोडून मी रोज पेनाने वेलांटी देते.

मार्चात तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं.
थंडगार हॉल, कापडी पिशवी, वही, दोन वेळा चहा.
नाचणेकरकाका पहिल्या दिवशी सही करून जे गेले
ते तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्राला उगवले.

देवस्थळीबाईंनी फळ्यावर आडवा पाइप काढला.
म्हणाल्या, झडप झटक्यात बंद केली
तर धावतं पाणी मागे वळून पाइपालाच धडकतं.
लांब कुठेतरी सांधा निखळतो.
रस्ता फुटतो, तेव्हा तुम्ही घरी जेवत असता.

मला बाबांचे हात दिसले.
शेवटचे फेरे ते असे फिरवायचे,
झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसलेलं कुणी उठावं तसे.
एवढं हळू का, विचारलं होतं मी लहानपणी.
‘घाई केली की पाणी रागावतं.’

बाईंकडे त्या रागाचे आकडे होते.
बाबांकडे नव्हते.
आणि फेरे मोजून लिहून ठेवावेत,
हे बाबांना कुणी सांगितलंच नाही.
त्यांचा हिशेब मनगटात होता,
मनगटाबरोबर गेला.

पहिला आठवडा माझं काम बिघडलंच.
मोजताना चुकायचं, पुन्हा एकपासून.
असल्फ्याच्या टेकडीवर पाणी वीस मिनिटं उशिरा चढलं
आणि वरून एका बाईने मला हंडा दाखवला,
काही न बोलता, उलटा करून.

आता वही आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, कमरेला.
पहाटे चार दहा. साडेसदतीस फेरे. शेवटचे पाच श्वासागणिक एक.
टोकाच्या नळाला करंगळीएवढी धार यायची,
आता अंगठ्याएवढी येते.

काल वॉर्डातून फॉर्म आला:
‘प्रशिक्षणामुळे कामगिरीत झालेली सुधारणा, एक ते पाच.’
करंगळी, अंगठा यांना रकाना नव्हता.
मी चार लिहिले.
नाचणेकरकाकांनी पाच.

मग टेबलाखाली चप्पल शोधत शोधत
ते हळूच म्हणाले,
‘तुझी ती वही एक दिवस देशील का गं?’

वही नाही दिली.
म्हटलं, उद्या चारला या.
तुम्ही फिरवा,
मी मोजते.