फुंकणी

कवळीचं माप द्यायला गेलो होतो,
राजारामपुरीत, सातव्या गल्लीला.
घोरपडे बाईंनी तोंडात आरसा धरला
आणि गप्पच झाल्या.
"पोतदारकाका, हे टाळूवरचं काळं कधीपासून?"

मला काय ठाऊक?
आपल्या टाळूकडं कोण बघतं?
चव्वेचाळीस वर्षं गुजरीत बसून फुंकणीनं ज्योत वाकवली,
साजाच्या पानड्यांना डाख दिला.
तंबाखूला कधी बोट लावलं नाही.
जवमण्याएवढा डाग, कसोटीच्या दगडासारखा काळा.
दुखत नव्हता.
तेच वाईट, असं बाई नंतर म्हणाल्या.

तुकडा काढून पाठवला. आम्ही त्याला कस लावणं म्हणतो.
अकराव्या दिवशी कागद आला. मेलॅनोमा.
लेक म्हणाली, तो तर कातडीला होतो, गोऱ्या लोकांना.
"तोंडातही होतो. क्वचित. आणि फार घाई करतो."

टाळू गेली. उरलेले चार दात गेले.
भोक बुजवायला प्लेट आली:
मेण, साचा, घासणी, सगळं माझ्याच धंद्यातलं.
तिसऱ्यांदा बसवताना पाटीवर लिहून दिलं,
डावीकडं केसभर जास्त आहे, कानस द्या.
तिथला पोरगा हसला, पण दिली.
मीच घासली.

प्लेट काढली की
पांढरा रस्सा नाकातून येतो,
नातवाला 'बाळ' म्हणावं तर 'माळ' ऐकू येतं.
फुंकर नाकातूनच निसटते.
ज्योत ढिम्म.

हाराधनला मात्र सगळं कळतं.
मेदिनीपूरचा कारागीर, एकोणीस वर्षं झाली,
त्याचं मराठी अजून लंगडतंय.
आता माझंही.
बरं जमतं दोघांचं.

दर तीन आठवड्यांनी सलाइन
(हिच्या पाटल्या त्यात गेल्या),
दर तीन महिन्यांनी स्कॅन.
डॉक्टर समजावतात, एखादी पेशी सुटून गेली असेल तर…
साहेब, हे मला सांगू नका.
घासताना कण उडतो, दिसत नाही.
म्हणून तर दुकानातली माती आम्ही टाकत नाही,
वर्षाकाठी झारेकऱ्याला देतो.
फरशीच्या सांध्यात दहा वर्षांमागचं सोनं सापडलंय.

तिकडं यंत्रात काही चमकलं तर वाईट.
इकडं चमकलं तर गुंजभर फायदा.

आज हाराधननं उकिडवं बसून दुकान लोटलं.
मी दिवा खाली धरला,
भट्टीमागं, चौरंगाखाली,
जिथं कुंचा पोचत नाही तिथंही.