पाचवा संदर्भ

बाईंनी बजावलंय : निदान पाच संदर्भ,
पृष्ठांकांसकट, सोमवारपर्यंत.

मांडवीजवळच्या ग्रंथालयात
काचेच्या जमिनीवर उभी आहे मी.
वर कुणाच्या तरी चपला
माझ्या डोक्यावरून
'इतिहास'कडून 'शेती'कडे चालल्यात.

तीन मिळाले.
चौथा कार्डावर आहे, कपाटात नाही :
'बांधणीस दिले', लाल शाईत,
माझ्या जन्माआधीची तारीख.

पाचवा, कन्याशाळेचा अहवाल,
विश्वामित्री गावात शिरली त्या साली.
पान एकोणतीस :
'बाके वाहून गेली. जीवितहानी नाही.'
आणि समासात पेन्सिलीची एक ओळ,
मोडीत.

हसमुखभाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
तीस वर्षं धूळ झटकता झटकता
शिकले म्हणे मोडी;
आमच्या मराठी घरात कुणालाच येत नाही.
अक्षरं बोटाखाली धरून
सावकाश म्हणाले,
"खो-टे. शे-वं-ता हो-ती."
पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.
"बस. आटलुंज."

संदर्भसूचीत आधी आडनाव लागतं,
मग साल, मग प्रकाशक, मग गाव.
मी गावापासून सुरुवात केली : वडोदरा.
मागची जागा मोकळी ठेवली.
पृ. २९, डावा समास.

बाई गुण कापतील, कापू देत.

झेरॉक्सवाल्याला मात्र
तीनदा सांगावं लागलं,
अजून गडद काढा,
पेन्सिल उमटत नाहीये.